अर्ध्या चेहऱ्यावर बारा आठवडे: पेप्टाइड सीरमचा माझा हिशेब

दिवाळीच्या आधी डिस्ट्रिब्युटरचा पोरगा पार्लरवर आला तेव्हा मी आयब्रो करत होते. दोऱ्याचं टोक दातात, त्यामुळे "आज काही नको" एवढंही म्हणता आलं नाही. त्याने संधी साधली. ड्रॉपरची जांभळट बाटली काउंटरवर ठेवली आणि सुरू झाला, "मॅडम, हे बाटलीतलं बोटॉक्स आहे. सुई नाही, डॉक्टर नाही, दहा टक्के पेप्टाइड. एमआरपी साडेचौदाशे, तुम्हाला नऊशेला." खुर्चीतल्या बाईंचे डोळे मिटलेले होते, कान नव्हते. माझा दोरा सुटायच्या आत त्यांनीच विचारलं, "आणि आम्हाला कितीला?"

दोन बाटल्या ठेवून घेतल्या. एक शोकेसला, एक मला. गिऱ्हाइकाच्या तोंडाला लावण्याआधी स्वतःच्या तोंडाला लावायचं हा माझा जुना नियम. यावेळी फक्त अर्ध्याच तोंडाला लावलं, त्याचं कारण पुढे येईलच.

सांगलीत विश्रामबागला माझं पार्लर आहे, बावीस वर्षं झाली. त्याआधी विलिंग्डनमधून केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले. मार्क विचारू नका. पण त्या तीन वर्षांचा एक फायदा झाला, बाटली हातात आली की मी पुढचं चित्र न बघता आधी मागची बारीक अक्षरं वाचते. वय सत्तेचाळीस, कातडी कोरडी, डाव्या गालावर वांगाचा एक जुना डाग, डोळ्यांच्या कडेला हसताना पंखा उघडतो. परीक्षण वाचताना लिहिणाऱ्याची कातडी कशी आहे ते कळलं नाही तर त्या परीक्षणाचा उपयोग नाही, म्हणून हे सगळं सांगितलं.

बाटलीचं नाव लिहीत नाही. तो पोरगा अजून दर पंधरवड्याला येतो, हे एक कारण. मोठं कारण वेगळं आहे. आमच्या धंद्यात बाटलीवर नाव एकाचं आणि माल बनवणारा दुसराच, हे रोजचं आहे. मागे "मॅन्युफॅक्चर्ड बाय" आणि "मार्केटेड बाय" असे दोन पत्ते असतात ते बघा. माझ्याच शोकेसमध्ये जवळपास हीच यादी असलेल्या तीन बाटल्या आहेत, तीन रंगांच्या. तेव्हा हे परीक्षण एका बाटलीचं कमी आणि त्या यादीचं जास्त आहे.

यादी अशी: पाणी, ग्लिसरीन, ब्युटिलीन ग्लायकॉल, पॅन्थेनॉल, सोडियम हायलुरोनेट, घट्टपणासाठी झँथन गम, मग फिनॉक्सिइथेनॉल, आणि त्याच्याही मागे आमचे उत्सवमूर्ती: अ‍ॅसिटाइल हेक्सापेप्टाइड-८, पामिटॉइल पेंटापेप्टाइड-४, पामिटॉइल ट्रायपेप्टाइड-१, पामिटॉइल टेट्रापेप्टाइड-७. ज्यांच्या नावावर बाटली विकली जाते ते पंगतीत शेवटच्या पानावर बसलेत.

आता यावरून लगेच "फसवणूक!" म्हणून ओरडू नका. मी पण आधी ओरडले होते. नियम असा की एक टक्क्याच्या वरचे घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, त्याखालचे कुठल्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. फिनॉक्सिइथेनॉल हे टिकवण्यासाठी घालतात, आणि ते एक टक्क्यापर्यंतच घालायचं असतं. म्हणजे त्याच्या मागे जे बसलेत ते सगळे एक टक्क्याच्या आतले. मग त्या पोराने दिलेल्या पत्रकावरचे दहा टक्के कुठून आले?

तर गंमत ऐका. हेक्सापेप्टाइड-८ हे बार्सिलोनाच्या लिपोटेक कंपनीने आर्जिरेलिन या नावाने बाजारात आणलं. क्रीम बनवणाऱ्यांना ते विकतात ते बहुतेक वेळा पाण्यातलं द्रावण, आणि त्या द्रावणात खरं पेप्टाइड असतं ०.०५ टक्के. ते द्रावण बाटलीत दहा टक्के घातलं की पत्रकावर लिहायचं "१० टक्के". हिशेब केला तर खरं पेप्टाइड ०.००५ टक्के, म्हणजे ३० मिलीच्या बाटलीत साधारण दीड मिलिग्रॅम. पाणीदार ताक वाढून "आज दहा वाट्या दही खाल्लं" म्हणण्यातला प्रकार. खोटं म्हणता येत नाही, खरंही म्हणवत नाही. त्या पोराला हे सांगितलं तर म्हणाला, "मॅडम, आम्हाला ट्रेनिंगमध्ये एवढंच सांगितलंय." त्याचा काय दोष.

आणखी एक. त्याच्या पत्रकात हेक्सापेप्टाइड-३ होतं आणि बाटलीवर हेक्सापेप्टाइड-८. मला वाटलं मालच बदलला. तसं नाही. आधी ३ म्हणायचे, नंतर त्याच पदार्थाचं अधिकृत नाव ८ झालं. पेंटापेप्टाइडचंही तसंच, ३ चं ४ झालं. तेव्हा "नवीन, सुधारित ८" असं कोणी म्हणालं तर नुसतं हसा.

आता पेप्टाइड म्हणजे काय, हे मी गिऱ्हाइकांना गजऱ्यावरून सांगते. प्रथिन म्हणजे हजारभर फुलांची लांबच लांब माळ. फूल म्हणजे अमिनो आम्ल. त्या माळेतला चार-सहा फुलांचा तुकडा म्हणजे पेप्टाइड. आणि सिंथेटिक म्हणजे तो तुकडा झाडावरून तोडलेला नाही, कारखान्यात एकेक फूल ओवून केलेला आहे. ब्रूस मेरिफील्ड नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६३ साली ही ओवण्याची युक्ती छापली. पहिलं फूल रेझिनच्या बारीक मण्याला पक्कं बांधायचं, मग दुसरं जोडायचं, उरलेला कचरा धुऊन टाकायचा, तिसरं जोडायचं, परत धुवायचं. माळ पूर्ण झाली की मण्यापासून सोडवायची. त्याच्यासाठी त्यांना १९८४ चं नोबेल मिळालं. आपण फेशियलच्या बेडवर पडून जे तोंडाला लावतो त्याच्या मागे एवढी मोठी गोष्ट आहे, हे मला आवडतं.

"सिंथेटिक" शब्द ऐकला की अर्ध्या बायका दचकतात. "केमिकल नाही ना हो?" माझं उत्तर ठरलेलं: हळदीतला पिवळेपणाही केमिकलच आहे, आणि हळदीच्या गावात राहून तुम्ही मला हे विचारताय. पण सिंथेटिक असण्याचा एक सरळ फायदा आमच्याकडे लगेच कळतो. सांगलीत जैन गिऱ्हाईक भरपूर. कोलॅजेनचं क्रीम दाखवलं की त्या विचारतात, कशापासून काढलंय? आणि ते मासळीपासून किंवा गुरांच्या कातड्यापासून निघतं, हे सांगावं लागतं. पेप्टाइडचा तुकडा प्राण्याच्या कातड्यातून काढलेला नसतो. एक काकू हे ऐकून एवढ्या खूश झाल्या की बाकी काही न विचारता बाटली मागायला लागल्या. मीच थांबवलं, म्हटलं बारा आठवडे थांबा.

"बाटलीतलं बोटॉक्स" या वाक्यात तथ्य किती ते बघू. स्नायू आकसायचा असला की मज्जातंतूच्या टोकाशी रसायनाच्या बारीक पिशव्या येऊन फुटतात. ती पिशवी काठाशी ओढून आणायला तीन प्रथिनं एकमेकांत गुंफतात, अगदी वेणीसारखी. त्यातल्या एका पेडाचं नाव स्नॅप-२५. बोटॉक्स काय करतं, तर तो पेड कात्रीने कापतं. वेणी पडत नाही, पिशवी फुटत नाही, कपाळाला आठी पडत नाही. हेक्सापेप्टाइड-८ हे त्याच स्नॅप-२५ च्या एका टोकाची नक्कल आहे, सहा फुलांची. कापाकापी नाही, खऱ्या पेडाच्या जागी हा खोटा पेड घुसतो आणि वेणी सैल पडते. कल्पना मोठी सुंदर आहे. स्पेनमधल्या संशोधकांनी २००२ साली त्यावर लेख छापला, त्यात कंपनीची माणसंही होती. निरोगी स्त्रियांना क्रीम लावून ३० दिवसांत सुरकुत्यांची खोली ३० टक्क्यांपर्यंत कमी झाली असं त्यात आहे. तो ३० चा आकडा तुम्हाला जगातल्या प्रत्येक पत्रकावर दिसेल. "पर्यंत" हा शब्द मात्र दिसणार नाही.

पण बोटॉक्स सुईने थेट स्नायूत जातं. हा बिचारा खोटा पेड कातडीच्या बाहेर उभा. कातडीचा वरचा थर म्हणजे कडक चौकीदार. २००० साली दोन डच संशोधकांनी एक ढोबळ नियम मांडला, तो आजही सगळे वापरतात: ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप) जड रेणू धडधाकट कातडीतून आत जाणं कठीण. हेक्सापेप्टाइड-८ भरतं जवळजवळ ८९० डाल्टन, वर पाण्यात विरघळणारं, आणि वरच्या थराची भिंत स्निग्ध. म्हणजे अंगाने जाड आणि घरच्यांशी ओळखही नाही. ते कणभर आत गेलं तरी खाली स्नायूशी असलेल्या मज्जातंतूपर्यंत किती पोचणार, हा प्रश्न उरतोच. प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या पेशींना दार नसतं, आपल्याला असतं.

दुसऱ्या पाहुण्याबद्दल माझं मत बरं आहे. पामिटॉइल पेंटापेप्टाइड-४, व्यापारी नाव मॅट्रिक्सिल, फ्रान्सच्या सेडर्मा कंपनीचं. पाच फुलं: लायसिन, थ्रिओनिन, थ्रिओनिन, लायसिन, सेरिन. हा तुकडा कोलॅजेन तयार होण्याआधीच्या प्रथिनातला आहे, आणि १९९३ साली प्रयोगशाळेत दिसलं की तो मिळाला की पेशी नवीन कोलॅजेन जास्त बनवतात. जणू "इथे मोडलंय, दुरुस्ती करा" अशी चिठ्ठीच. नुसती चिठ्ठी भिंतीतून जात नाही म्हणून तिला पामिटिक आम्लाची, म्हणजे पाम तेलात असतं त्याच स्निग्धाम्लाची, सोळा कार्बनची शेपटी लावली. वजन वाढून ८०० डाल्टन झालं, पण आता भिंतीशी नातं जुळलं.

त्याची २००५ साली छापलेली एक चाचणी मला पटली. ३५ ते ५५ वयाच्या ९३ गोऱ्या बायका, बारा आठवडे. प्रत्येकीच्या अर्ध्या चेहऱ्याला साधं मॉइश्चरायझर, अर्ध्याला तेच मॉइश्चरायझर अधिक हे पेप्टाइड. संशोधक प्रॉक्टर अँड गॅम्बलचेच, तेव्हा जरा जपूनच वाचायचं, पण मांडणी स्वच्छ आहे. पेप्टाइड किती होतं माहितीय? दहा लाखांत तीन भाग! ३० मिलीच्या बाटलीत त्या प्रमाणात घालायचं तर एका मिलिग्रॅमचा दहावा हिस्सासुद्धा होत नाही. आणि तरी बारीक रेषांमध्ये फरक मोजता आला. थोडाच, पण आला. तेव्हा यादीत शेवटी बसलाय म्हणून कामाचा नाही असं नव्हे. हिंग आमटीत किती घालतो आपण?

ते वाचलं आणि माझा प्रयोग ठरला. डाव्या बाजूला हे सीरम, उजव्या बाजूला मेडिकलमध्ये मिळणारं ग्लिसरीनवालं साधं मॉइश्चरायझर, सीरमवरही तेच. दोन्हीकडे सकाळी सनस्क्रीन. रोज दोन वेळा. दर रविवारी सकाळी सात वाजता, तोंड धुऊन वीस मिनिटांनी, स्वयंपाकघराच्या त्याच खिडकीपाशी मुलीने फोटो काढायचा. रिंग लाइट नाही, फिल्टर नाही. मुलीने पहिल्या रविवारी "मम्मी, सातला?" असा जो चेहरा केला तो पण एका फोटोत आलाय.

पहिले तीन दिवस चिकटपणाने जीव नकोसा झाला. हायलुरोनेट आणि गम दोन्ही असल्यावर तसं होतंच, पण ओल्या तोंडावर तीन थेंब पुरतात हे चौथ्या दिवशी कळलं. पत्रकात सहा ते आठ थेंब सांगितलेत. साहजिक आहे, बाटली लवकर संपायला हवी. वास काहीच नाही, हे मोठं सुख. मोठं दुःख म्हणजे वरून सनस्क्रीन लावलं की खोडरबराचा चुरा निघावा तशा वळ्या सुटतात. दहा मिनिटं थांबून, न चोळता थापून लावलं तर सुटत नाहीत. पण सकाळी डबे भरायच्या वेळी दहा मिनिटं कोणाकडे असतात? ड्रॉपरबद्दलही तक्रार आहे. दर वेळी बाटली उघडायची, काचनळी गालाला टेकवायची आणि तीच परत आत. मी तळहातावर थेंब घेते, पण गिऱ्हाईक थेट गालावरच टेकवणार. पंप असता तर बरं झालं असतं.

दोन आठवड्यांत दोन्ही गाल मऊ झाले. दोन्ही, हे लक्षात घ्या. डिसेंबरची कोरडी हवा होती आणि दर हिवाळ्यात नाकाच्या कडेला निघणारं कोंड्यासारखं सालपट यंदा निघालं नाही, ना डावीकडे ना उजवीकडे. ज्या बाईला दुसऱ्या आठवड्यात "किती फरक पडला!" वाटतं, तिला तो ग्लिसरीनने पाडलेला असतो. त्याचं श्रेय पेप्टाइड घेऊन जातं.

आठव्या आठवड्यानंतर मला वाटायला लागलं की डाव्या डोळ्याखालची ती जाळीसारखी बारीक रेघ थोडी विरळ झाली. वाटायला लागलं म्हणते, कारण मी डाव्या कुशीवर झोपते, त्यामुळे ती बाजू आधीपासूनच जास्त चुरगळलेली होती. हसताना उघडणारा पंखा आणि कपाळाची आठी जशीच्या तशी. वांगाच्या डागावर तर काहीच फरक नाही, पण ते त्याचं कामही नव्हतं.

बाराव्या आठवड्यात घरात परीक्षा घेतली. कोणालाच बाजू सांगितलेली नव्हती, मुलगी सोडून, म्हणून ती बाद. नवऱ्याने चष्मा लावून, दोन मिनिटं निरखून ठामपणे उजवी बाजू दाखवली. पार्लरमधल्या माझ्या मदतनीस मुलीने डावी ओळखली, पण ती हुशार आहे, मी सीरम डाव्या बाजूलाच लावताना तिने पाहिलं असणार. सासूबाईंनी हनुवटी धरून तोंड इकडे-तिकडे फिरवलं आणि म्हणाल्या, "दोन्हीकडून सारखीच दमलेली दिसतीस गं." पहिला आणि बारावा फोटो शेजारी ठेवले की डावा डोळा किंचित बरा दिसतो, असं मी अजूनही म्हणेन. साडेचौदाशेचा किंचित.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते, त्रास शून्य. लाली नाही, आग नाही, खाज नाही. हे छोटं नाही. रेटिनॉलने, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या एका प्रकाराने, रेषांवर जास्त खात्रीचं काम होतं, पण माझ्याकडे येणाऱ्या बँकेतल्या एक ताई आहेत, त्यांना रेटिनॉलचा एक थेंब लावला की तीन दिवस कॅश काउंटरवर टोमॅटोसारखं तोंड घेऊन बसावं लागतं. अशांना हे सीरम मी नक्की देईन. ज्यांना रेटिनॉल सोसतं त्यांनी हे का घ्यावं, ते मला बारा आठवड्यांत सापडलं नाही.

बाटलीचं खोकं परत एकदा नीट वाचलं तेव्हा लक्षात आलं, की खोकं पत्रकापेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. पत्रक म्हणतं, सुरकुत्या कमी होतात. खोकं म्हणतं, सुरकुत्या कमी दिसतात. १९४० च्या आपल्या औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांच्या कायद्यात प्रसाधन म्हणजे स्वच्छ करणारं, सुंदर करणारं, रूप बदलणारं. शरीराचं काम बदलतो म्हणालात की तुम्ही औषधाच्या दारात गेलात, तिथले नियम कडक. म्हणून स्नायू सैल करतो, कोलॅजेन बनवतो हे सगळं पोराच्या तोंडी असतं, छापील मजकुरात नसतं. आणि घटकांच्या अधिकृत कोशात या पेप्टाइडांपुढे काम म्हणून काय लिहितात? स्किन कंडिशनिंग. म्हणजे कातडी मऊ आणि नीटस ठेवणारं. केसांना कंडिशनर लावतो तसं. तेवढं त्याने केलं, पूर्ण मार्क.

जाता जाता एक. हल्ली दोघी-तिघींनी विचारलं, तोंडावर बारीक सुयांचा रोलर फिरवून त्यावर हेच सीरम लावाल का, म्हणजे दारच उघडं राहील. नाही लावणार. ही बाटली न टोचलेल्या कातडीवर लावण्यासाठी बनवलीय. सुईच्या भोकातून पेप्टाइडबरोबर फिनॉक्सिइथेनॉल, गम आणि जे काही असेल ते सगळं आत जाणार. शेजारच्या गल्लीत करून देतात म्हणालात तरी मी करणार नाही.

परवा तो पोरगा परत आला. यावेळी निळी बाटली, तांब्याचं पेप्टाइड. निळा रंग खरा आहे, तांब्याचाच, म्हणून मी दोन मिनिटं हातात धरून बघितली आणि परत दिली. मग ऑर्डर लिहून घेतली त्याने: ग्लिसरीनचं साधं मॉइश्चरायझर दोन डझन, सनस्क्रीन दीड डझन, जांभळी बाटली एक.

"एकच, मॅडम?"

एकच. ती बँकेतल्या ताईंची आहे. माझी अजून अर्धी शिल्लक आहे, आणि शोकेसमधली त्या जैन काकू घेऊन गेल्या, सगळं सांगूनही.